पाहुण्यांचा जोडधंदा : जाणत्याने नेणत्याला सांगावा



आपल्या या पत्रिकेत बेणे, खत, पाणी आणि उतारा यांच्याच गोष्टी अधिक असतात. तेव्हा या अंकात पर्यटनाचा लेख पाहून काही सभासद विचारतील, ‘अहो, कारखान्याच्या पत्रिकेत सहलीचं काय काम?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९५० साली प्रवरा काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे राज्यात ठिकठिकाणी कारखाने निघाले, ते एकमेकांचे पाहून, एकमेकांना विचारून निघाले. लोणीला जाऊन आलेल्या माणसाने आपल्या गावच्या पारावर बसून सांगितले आणि ऐकणाऱ्यांनी भागभांडवल काढले. पाडेगावला १९३२ पासून उसाचे संशोधन केंद्र आहे. मांजरीला १९७५ मध्ये डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट निघाली, तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. या ठिकाणी जे कळले ते कपाटात कुलूपबंद राहिले नाही. को ७४० असो, को ८६०३२ असो की फुले २६५ असो, चांगले बेणे एका शिवारातून दुसऱ्या शिवारात गेले. शेजाऱ्याने बेणे मागितले आणि आपण ‘नाही’ म्हटले, असे सहसा घडत नाही.

आमचे म्हणणे एवढेच की, जी रीत आपण बेण्याला लावली तीच पाहुण्यांच्या धंद्याला लावावी. शहरातला माणूस पैसे देऊन शिवार बघायला येतो, ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. राज्यात अशी शेकडो केंद्रे आहेत. परंतु ती चालवायची कशी, हे अजून मोजक्या माणसांच्याच डोक्यात आहे. हे शहाणपण वाटले गेले नाही, तर काय होते तेही पुढे सांगतो.

खोपटला काय ऐकले

कामानिमित्त आम्ही ठाण्याला गेलो होतो. तेथे खोपटला एसटीचे आगार आहे. खोपट म्हणजे झोपडी. आपल्याकडे गळिताच्या हंगामात तोडणीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात, तसेच काही या नावावरून डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात आगाराच्या आजूबाजूला उंच इमारती आणि गाड्यांची रीघ. त्या इमारतींत आपल्या घाटावरची माणसेही पुष्कळ. कोणी कारखान्यात नोकरीला आले, कोणी बाजारात हमालीला आले, आणि आता त्यांची नातवंडे तेथल्या शाळेत जातात.

आपल्या भागातल्या काही कुटुंबांना आम्ही सरळच विचारले, ‘सुट्टीत कुठं जाता?’ उत्तरे ऐकण्यासारखी होती. एक बाई म्हणाल्या, ‘गावाकडचं घर आता भावकीत वाटलं गेलं. आमच्या वाट्याला एक खोली, तीही बंद. पोरांना गाय दाखवायची तर कुठं न्यायचं?’ एका गृहस्थांनी एका ‘शेतातल्या मुक्कामा’ची हकिगत सांगितली. हिरवळ प्लास्टिकची, जेवणात पावभाजी, संध्याकाळी कर्णा लावून गाणी. ‘यासाठी तीन तास गाडीत बसायची गरज नव्हती,’ म्हणाले, ‘हे सगळं खोपटच्या नाक्यावर मिळतं.’

आम्ही त्यांच्या मागण्या टिपून घेतल्या. संडास-न्हाणीघर स्वच्छ हवे, आणि त्याला आतून कडी हवी. दर आधी ठरलेला हवा, निघताना वाढीव आकडा नको. जेवण घरचेच हवे. मुलांना हात लावू द्यावा, म्हणजे मोट, नांगर, चारा, दूध यांना. आणि कोणीतरी निवांत बसून बोलणारे हवे. पोहण्याचा तलाव कोणीही मागितला नाही. यातली एकही गोष्ट आपल्या आवाक्याबाहेरची नाही. फक्त ती मागणी खोपटात आहे आणि माल आपल्या शिवारात आहे, या दोहोंची गाठ पडत नाही.

ज्यांनी केले, त्यांच्याकडून काय घ्यावे

ठाण्याहून कल्याणमार्गे कर्जतच्या गाडीत बसले की वाटेत नेरळ लागते. तेथे चंद्रशेखर भडसावळे यांची सगुणा बाग आहे. अमेरिकेत शिकून आलेला हा शेतकरी गावी परतला आणि शेती, मत्स्यपालन व पाहुणे अशी सांगड घालून बसला. राज्यात ‘कृषी पर्यटन’ हा शब्द रुळण्यापूर्वीपासून तेथे शाळांच्या सहली येतात. आम्हांला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. भाताची लावणी न करता, चिखलणी न करता, कायम गादीवाफ्यांवर भात घेण्याचे ‘सगुणा राइस तंत्र’ याच शेतावर आकाराला आले, आणि ते इतर शेतकऱ्यांना शिकविण्याचे काम तेथून चालले. म्हणजे एकाच बांधावर शहरातले पोर म्हैस बघते आणि गावातला शेतकरी भाताचे नवे तंत्र बघतो. पाहुण्यांचे शेत हे शेतकऱ्यांची शाळाही होऊ शकते, हा तेथला पहिला धडा.

दुसरे ठिकाण आपल्या ऊसपट्ट्यातले, बारामती तालुक्यातले पळशीवाडी. पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास तेथे कृषी पर्यटनाचे केंद्र सुरू केले. विक्रीच्या धंद्यात वर्षे काढलेला हा माणूस. गिऱ्हाईक काय मागते हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी ते केंद्र प्रात्यक्षिक प्लॉटसारखे वापरले. इतर शेतकऱ्यांना बोलावून दाखविले, शिकविले, हिशेब समजावला. १६ मे हा दिवस कृषी पर्यटन दिन म्हणून पाळला जातो, तोही याच प्रयत्नातून.

तिसरा धडा डोंगरातला आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात पुरुषवाडी हे महादेव कोळ्यांचे गाव आहे. मे अखेर ते जूनमध्ये तेथे काजव्यांनी झाडे लखलखतात. ग्रासरूट्स या संस्थेने २००६ च्या सुमारास गावकऱ्यांबरोबर तेथे काम सुरू केले. पाहुणे कोणाच्या घरी जेवायचे, हे गावची समिती ठरवते आणि घरांची पाळी लावते. आपल्या पाटाच्या पाण्याची पाळी असते ना, तशीच. एकाच घरी सगळे पाहुणे आणि बाकीच्यांच्या चुली कोरड्या, असे होत नाही. वाट दाखविणारे पोरगे गावातलेच. पुढे हीच पद्धत जव्हार तालुक्यातल्या वारल्यांच्या वाळवंडा गावात आणि शहापूर तालुक्यातल्या, आजा पर्वताच्या पायथ्याच्या डेहणे गावात गेली. खोपटच्या माणसाला डेहणे म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले गाव. एका गावाचा अनुभव दुसऱ्या गावाला आयता मिळाला. बेणे वाटणे म्हणतात ते हेच.

चौथा धडा आमच्या भगिनी-सभासदांसाठी. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत मच्छीमार कुटुंबांतल्या महिलांच्या ‘स्वामिनी’ बचत गटाने २०१७ मध्ये कांदळवनाची होडीतून सफर सुरू केली. कांदळवनाची झाडे त्यांच्या दाराशीच होती. पण कोणत्या झाडाचे शास्त्रीय नाव काय, पक्षी कोणता, पाहुण्याला अंगरखा कसा बांधून होडीत बसवायचे, हे त्या प्रशिक्षण घेऊन शिकल्या. होड्या वल्ह्याच्या ठेवल्या. इंजिनाचा धूर नाही, आवाज नाही. घरच्या ज्ञानाला बाहेरच्या ज्ञानाची जोड मिळाली तेव्हा त्याचे पैसे झाले.

आणि महाबळेश्वर तालुक्यातले भिलार. स्ट्रॉबेरीचे गाव म्हणून त्याची ओळख आधीपासून होतीच. २०१७ च्या मे महिन्यात शासनाच्या पुढाकाराने ते ‘पुस्तकांचे गाव’ झाले. गावकऱ्यांनी आपल्या घरांच्या ओसऱ्या, खोल्या पुस्तकांसाठी उघडल्या. एका घरी कथा-कादंबऱ्या, दुसऱ्या घरी संतसाहित्य, तिसऱ्या घरी इतिहास. पाहुणा या घरातून त्या घरात फिरतो, त्यामुळे गावही फिरून होते. कल्पना बाहेरून आली, पण उंबरा गावाचाच राहिला.

‘मी सांगितलं तर माझं गिऱ्हाईक जाईल’

आता खरी अडचण. ज्याला थोडेफार जमले आहे, तो बोलत नाही. ‘माझी युक्ती शेजाऱ्याला कळली तर पाहुणे तिकडे जातील’ ही भीती. माणसाचा स्वभाव आहे, दोष देता येत नाही. पण सभासद बंधूंनो, एका शेतकऱ्याच्या उसावर कारखाना चालतो का? गाळप क्षमतेइतका ऊस लागतो, तो सगळ्यांनी मिळून घालावा लागतो. पाहुण्यांचेही तसेच आहे. दोनशे किलोमीटरवरून येणारे कुटुंब एका घराकडे बघून येत नाही. एकाकडे मुक्काम, दुसऱ्याकडे गुऱ्हाळ, तिसऱ्याकडे रोपवाटिका, चौथ्याकडे हुरडा असला की दोन दिवस भरतात. एकट्याकडे ते दोन तासांत उरकतात आणि परतीच्या गाडीला लागतात.

याच विचाराने महाराष्ट्र राज्य कृषी व ग्रामीण पर्यटन सहकारी महासंघ, ज्याला ‘मार्ट’ म्हणतात, तो निघाला. सहकाराचा शब्द आपल्याला परका नाही. उसात जे आपण दोन पिढ्यांपूर्वी शिकलो, ते येथे पुन्हा पहिल्या यत्तेपासून शिकायची गरज नाही.

उलट बोललो नाही तर काय होते? मुंबई-ठाण्याच्या भोवतालच्या तालुक्यांत ते डोळ्यांनी दिसते. शेतकऱ्याला वाटले आपल्या माळरानात काय आहे. शहरातल्या माणसाला तेथला डोंगर दिसला. जमीन विकली गेली, तेथे बंगले उठले, आणि पूर्वीच्या मालकाचा मुलगा त्याच फाटकावर रखवालदार झाला. पाहुणे आले, पैसा आला, पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर. ही वेळ आपल्या शिवारावर येऊ नये, हे या लेखाचे खरे कारण आहे. गुंठेवारीने तुकडे झालेल्या, दीड-दोन एकरांवर आलेल्या सभासदाला नुसत्या उसावर घर चालविणे जड जाते, हे आम्हांला ठाऊक आहे. जमीन विकण्याआधी तिला आणखी काय काय देता येते, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

ऊसवाल्याजवळ दाखविण्यासारखे काय?

‘आमच्याकडं ना समुद्र, ना किल्ला. ऊस काय बघायचा?’ असे म्हणू नका. शहरातल्या पोराला साखर दुकानात तयार होते असे वाटते. त्याला टिपरीवरचा डोळा दाखवा, त्या डोळ्यातून बारा ते अठरा महिन्यांत ऊस कसा उभा राहतो ते सांगा. शंभर किलो उसातून साधारण दहा-अकरा किलोच साखर निघते, हे ऐकून त्याचे वडीलही चहात साखर घालताना थांबतील. चिपाडाचे पुढे काय होते, मळीचे काय होते, पाचट जाळण्याऐवजी कुजविले तर जमिनीला काय मिळते, हे आपल्याला रोजचे, त्यांना नवलाचे. गुऱ्हाळावर काहिलीभोवती उभे राहून गरम गूळ चाखणे, थंडीत हुरडा, बेंदूर-पोळ्याला सजवलेले बैल, यांना जाहिरात लागत नाही.

परंतु काही पथ्ये आहेत, आणि ती अनुभवी माणसेच सांगू शकतात. उसाचे पान कापते; पाहुण्याला उभ्या फडात सोडू नये. जुन्नर तालुका २०१८ मध्ये विशेष पर्यटन क्षेत्र जाहीर झाला, द्राक्षांसाठी आणि शिवनेरीसाठी लोक तेथे जातात. पण त्याच तालुक्यातल्या उसात बिबट्याही असतो. तेव्हा जेथे बिबट्याचा वावर आहे तेथे अंधार पडल्यावर फडाकडे फिरणे बंद, लहान मुले मोठ्यांच्या हाताशी. विहिरीला कठडा हवा. काहिलीजवळ दोरी बांधून अंतर ठेवावे. कारखाना दाखवायचा तर रीतसर परवानगी घेऊनच. चालू गव्हाणीजवळ कोणालाही नेता कामा नये. आणि एक गोष्ट आवर्जून सांगतो. तोडणी कामगारांच्या कोप्या हे प्रदर्शन नव्हे. त्यांच्या दारात जाऊन न विचारता फोटो काढू देणारा यजमान आम्हांला आपला वाटणार नाही.

हिशेब आधी, खोल्या नंतर

काही ठिकाणी उत्साहात कर्ज काढून खोल्या बांधल्या गेल्या आणि हप्ते तेवढे राहिले. म्हणून साधा हिशेब मांडू. वर्षात शनिवार-रविवार मिळून १०४ दिवस. त्यातून परीक्षांचे, कडक उन्हाचे आणि आपल्या घरच्या लग्नकार्याचे दिवस वजा करा. निम्मे हाती राहिले तरी नशीब. उरलेले दिवस खोली रिकामी. त्यात २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा सगळीच केंद्रे बंद पडली, हे विसरून चालणार नाही. पाहुणे हे जोडपीक समजा, मुख्य पीक नव्हे. पहिल्या वर्षी मुक्काम नको. सकाळी यावे, जेवावे, संध्याकाळी जावे एवढेच ठेवा. त्याला लागते स्वच्छ संडास, पिण्याचे पाणी, सावली आणि घरचे जेवण. मुक्कामाची खोली पाहुणे टिकले की बघू.

जेवण रांधणाऱ्या बाईची मजुरी हिशेबात धरा. ती घरचीच म्हणून फुकट धरली, तर धंदा नफ्यात दिसतो आणि घरातली बाई मात्र झिजते. पहाटे चारला उठून पंचवीस माणसांच्या भाकऱ्या थापणे म्हणजे काय, हे पुरुष सभासदांनी एकदा करून बघावे.

सरकारदरबारी मार्ग खुला आहे. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने कृषी पर्यटन धोरण मंजूर केले. वैयक्तिक शेतकऱ्याप्रमाणेच शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना, कृषी विज्ञान केंद्रांना, कृषी महाविद्यालयांना व विद्यापीठांना त्याखाली केंद्र काढता येते. किमान एक एकर शेती हवी आणि निवासाच्या खोल्या आठपर्यंत ठेवता येतात. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. सहकारी संस्थेलाही दार उघडे आहे, हा मुद्दा अधोरेखित करून ठेवा. चार-पाच छोट्या सभासदांनी एकत्र येऊन करायचे ठरविले तर कायदा आड येत नाही.

किती पाहुणे पुरेत?

ज्ञान वाटायचे म्हटले की चांगले तेवढेच सांगून भागत नाही. फसलेलेही सांगावे लागते. काजव्यांच्या गावांकडे आणि भंडारदऱ्याच्या बाजूला गर्दी इतकी वाढली की गाड्यांच्या दिव्यांनी अंधारच उरेना. अंधार गेला की काजवाही जातो. वनखात्याला तेथे वाहनांवर व वेळेवर निर्बंध आणावे लागले. जमिनीला झेपेल तेवढेच पाणी द्यावे, नाहीतर ती खारवते, हे आपल्याला कोणी वेगळे शिकवायला नको. गावाचेही तेच. किती पाहुणे झेपतील हे गावाने ठरवावे आणि त्यापुढच्याला हात जोडून ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणावे.

आमची विनंती

शेवटी सभासदांपुढे काही सूचना ठेवतो. पटल्या तर उचलाव्यात.

ज्या सभासदांकडे किंवा त्यांच्या नात्यागोत्यात पाहुण्यांचे काम चालते, त्यांनी आपला अनुभव या पत्रिकेकडे लिहून पाठवावा. लिहिण्याचा कंटाळा असेल तर गट कार्यालयात येऊन सांगावा, आम्ही लिहून घेऊ. दर काय लावला, पहिल्या वर्षी किती माणसे आली, कशात तोटा आला, कोणता पाहुणा रुसून गेला, सगळे चालेल. नाव नको असेल तर छापणार नाही.

प्रत्येक गट कार्यालयात एक वही ठेवावी. ज्याला काही कळले त्याने त्यात लिहावे, ज्याला हवे त्याने वाचावे. ऊस पीक पाहणीसाठी आपण शिवार फेरी काढतो, तशीच एक फेरी पाहुण्यांचे केंद्र चालविणाऱ्या शेतावर काढावी. त्या फेरीत निम्म्या तरी भगिनी असाव्यात, कारण काम त्यांच्याच अंगावर पडणार आहे. आणि शहरात राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांना विचारावे, ‘तुमच्या इमारतीतल्या लोकांना काय आवडेल?’ खोपटच्या आगाराजवळ राहणारा आपला पुतण्या हा आपला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खरा सल्लागार आहे.

आपल्या वाडवडिलांनी बेण्याच्या मोळ्या डोक्यावर घेऊन शेजारच्या गावाला पोचविल्या, म्हणून आज या भागात ऊस उभा आहे. या नव्या बेण्याची पहिली मोळी कोण उचलणार, त्याची वाट पाहत आहोत. पत्रे गट कार्यालयात द्यावीत. पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.